छत्तीस नंबर

आमच्या शेडमध्ये टीव्ही होता, आवाज नव्हता.
म्हणजे होता, पण बारा माग सुरू असताना
कुणाच्या बापाला ऐकू येणार.

इनूस मुलाणीनं लिंबाच्या फांदीवरून वायर आणली,
खिडकीच्या फुटक्या तावदानातून आत सोडली,
म्हणाला, छत्तीस लावा की, दिल्लीवरनं आलंय,
दिवसरात नुसती गाणी.
कोपऱ्यात नारिंगी पतंग, तोच त्यांचा शिक्का.
अण्णांनी 'बरं' म्हटलं, हिशेब साधा होता:
रात्रपाळीला डुलकी लागली की धागा तुटतो,
धागा तुटला की कापडात डाग,
आणि डाग लागला की इचलकरंजीचा व्यापारी भाव पाडतो.

तर आम्ही गाणी पाहिली.
मी कांड्या भरत पाहिली, मांडीवर बारावीचं बुककीपिंग.
बर्फात कुणी पळायचं, कुणी छत्री फेकायचं,
ओठ हलायचे,
आणि मागांचं खटक-खट, खटक-खट
कुठल्याही गाण्याला बसायचं.
सहा नंबरवरचा शिवाप्पा हुल्लोळी
ओठांवरून शब्द ओळखायचा.
निम्मे चुकीचे.
पण गायचा बिनधास्त, त्याचंही कुणाला ऐकू येत नव्हतंच.

त्या दोन-तीन वर्षांत विट्यात पतंगच पतंग.
वह्यांवर, वडापच्या काचेवर,
मायणी रोडच्या सलूनमध्ये
छत्तीसवरच्या पोरासारखे कल्ले, तीस रुपये जादा.
नवरात्रात मंडळानं देवीच्या कमानीलाच पतंग लावला,
म्हाताऱ्यांनी दोन दिवस कटकट केली, मग तेही बघत उभे राहिले.

पडद्याच्या खाली एक पट्टी धावायची.
तीन रुपयांचा मेसेज, आणि तुमचं नाव देशभर.
लुधियानाचा बंटी, कोटाची पिंकी, जानू मिस यू.
एका रात्री अण्णांच्या मोबाईलवरून मी पाठवलं:
विट्याच्या मुलीकडून, माग नंबर सहासाठी.
पावणेदोनला आलं.
माझ्या हातातली कांडी सुटून पार बॉबिनच्या ढिगात गेली.
शिवाप्पा वाकून तुटलेला धागा ओवत होता.
मान वर केली असती तरी काय,
पट्टी इंग्रजी अक्षरात,
त्याला कन्नड येत होतं, आणि थोडं आमचं.
धोटा जातो तसा परत येतो.
पट्टी डावीकडे गेली ती गेलीच.

पडझड कधी सुरू झाली, नक्की नाही सांगता येत.
आधी गाणी अर्धी झाली.
मग एका बंगल्यात कोंडलेली माणसं भांडायला लागली,
आवाज नसला तरी भांडण कळतंच.
मग अंगठ्या विकणारे महाराज,
मग गुडघ्याचं तेल, आधी-नंतरचे गुडघे शेजारी शेजारी.
पतंग निळा झाला. नंतर त्याचा दोरा काढला.
पहाटे तीनला तेच गाणं चौथ्यांदा लागायचं,
जणू तिकडेही कुणीतरी जागं राहायला धडपडतंय.

शिवाप्पा दिवाळीची उचल फेडून गेला,
ऑटोलूमवर, जिथे एका माणसाला आठ माग.
बॉक्स आले, छत्तीसचं तीनशे सदुसष्ट झालं,
मग सिग्नल नाही.
इनूस वायर गुंडाळायला आला तेव्हा म्हणाला,
तिकडं खुर्च्यासुद्धा विकल्या म्हणं.
त्याच आठवड्यात आमचे माग काट्यावर चढले होते,
एकवीस रुपये किलो.
सहा नंबर सगळ्यात जड निघाला. का, कुणास ठाऊक.

परवा सांगलीच्या स्टँडवर
शेजारच्या पोराच्या फोनमध्ये एक गाणं वाजत होतं.
वाजत होतं, म्हणून मी ओळखलं नाही.
वाकून ओठ पाहिले, तेव्हा कळलं.
किती हळू होतं ते, आणि मधे किती मोकळी जागा,
जिथे आमच्याकडे खटक-खट असायचं.

आणि ज्या शब्दावर शिवाप्पा डोळे मिटायचा
तो शब्द 'महीना' आहे.
तो 'पसीना' म्हणायचा.
पलूसची गाडी लागली, मी चढले,
खिडकीशी बसून पुटपुटले तेव्हा
पसीनाच आलं तोंडात.